आकडा बदलला तरी स्लाइड पुन्हा करायला लागू नये म्हणून

महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे पतसंस्थांमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर हे अहवालाच्या छपाईचे आणि प्रेझेंटेशनच्या धावपळीचे महिने. बारा शाखांच्या अशाच एका पतसंस्थेसाठी मी दरवर्षी स्लाइड करून देते. पहिल्या वर्षी चाळीस स्लाइडना सहा दिवस लागले. सभेच्या आदल्या रात्री लक्षात आलं, की वसुलीच्या तक्त्यात एका शाखेची रक्कम दोनदा धरली गेली आहे. एकूण वसुलीचा तो आकडा नऊ स्लाइडवर होता. मी आठ ठिकाणी दुरुस्त केला, नववा राहिला, आणि सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उभं राहून नेमका तोच विचारला.

त्यानंतर मी वेळ कुठे जातो ते वहीत लिहायला लागले. नवी स्लाइड करण्यात तो फारसा जात नव्हता. केलेली स्लाइड पुन्हा करण्यात जात होता: चौकोन एका रेषेत आणणं, एक्सेलमधला आकडा हाताने उतरवणं, दुसऱ्याच्या संगणकावर बिघडलेली मराठी अक्षरं सुधारणं. म्हणून या लेखात साधनांचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे. एआयची साधनं हल्ली सगळ्यांना आधी हवी असतात. माझ्या अनुभवात ती पाचव्या पायरीवर येतात, आणि आधीच्या चार पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही. उदाहरणं पॉवरपॉइंटची आहेत. गूगल स्लाइड्समध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगते.

पहिली पायरी: मजकूर वर्डमध्ये, स्लाइड नंतर

पॉवरपॉइंट उघडून रिकाम्या स्लाइडकडे बघत बसलं की माणूस आधी रंग निवडतो. त्याऐवजी वर्ड उघडा. प्रत्येक स्लाइडचं शीर्षक एका ओळीत लिहा आणि त्याला हेडिंग १ ही स्टाइल द्या. त्याखालच्या मुद्द्यांना हेडिंग २. साधा परिच्छेद लिहिलात तर तो स्लाइडवर येत नाही, म्हणून स्टाइल देणं चुकवू नका. फाइल सेव्ह करून बंद करा. मग पॉवरपॉइंटमध्ये होम टॅबवर न्यू स्लाइड या बटणाखालचा बाण दाबा आणि स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन निवडून ती फाइल द्या. तीस-चाळीस स्लाइड काही सेकंदांत उभ्या राहतात, शीर्षकं आणि मुद्दे आपापल्या जागी बसलेले.

यात मोठा फायदा वेगाचा नाही, विचाराचा आहे. वर्डमध्ये चाळीस शीर्षकं एकाखाली एक दिसतात, तेव्हा कोणती दोन एकच सांगतात ते कळतं. संचालक मंडळाशी चर्चाही त्याच कागदावर होते. स्लाइड रंगवून झाल्यावर ती काढून टाकायला कुणाचं मन होत नाही. कागदावरची ओळ मात्र अध्यक्षसाहेब सहज खोडतात.

शीर्षक मात्र पूर्ण वाक्य हवं. ‘ठेवींची स्थिती’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘ठेवी वाढल्या, पण निम्मी वाढ दोनच शाखांतली’ असं लिहिलं, की त्या स्लाइडवर कोणता चार्ट हवा हेही आपोआप ठरतं.

दुसरी पायरी: स्लाइड मास्टर एकदाच नीट बसवा

हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. व्ह्यू टॅबवर स्लाइड मास्टर उघडा. डावीकडे सगळ्यांत वर जी मोठी स्लाइड दिसते ती मूळ मास्टर, आणि तिच्याखाली लटकलेले छोटे ते लेआउट. मूळ मास्टरवर केलेला बदल सगळ्या लेआउटमध्ये उतरतो, लेआउटवर केलेला बदल फक्त त्या प्रकारच्या स्लाइडवर.

मूळ मास्टरवर या गोष्टी करून टाका. संस्थेचं बोधचिन्ह एकदाच ठेवा. स्लाइड क्रमांकाची जागा आणि आकार ठरवा. सभेत ‘सतरा नंबरची स्लाइड परत दाखवा’ असं कुणीतरी म्हणतंच, तेव्हा तो क्रमांक मागच्या रांगेतूनही वाचता यायला हवा. कलर्समधून संस्थेचे चार-पाच रंग थीममध्ये भरा. पुढे रंग देताना नेहमी थीमच्याच रंगांतून निवडा, म्हणजे उद्या हिरवा बदलून निळा करायचा ठरला तर एका ठिकाणी बदलून भागतं. आखणीच्या रेषा, म्हणजे गाइड्स, इथेच ओढा. मास्टरमध्ये ओढलेल्या रेषा काम करताना चुकून सरकत नाहीत.

मग लेआउट. नेहमीच्या फाइलमध्ये दहा-अकरा असतात, त्यांतले बरेचसे काढून टाका. मला पाच पुरतात: मुखपृष्ठ, विभागाचं पान, शीर्षक आणि मुद्दे, शीर्षक आणि मोठा चार्ट, शीर्षक आणि शेजारी-शेजारी दोन चार्ट. प्रत्येकात इन्सर्ट प्लेसहोल्डर वापरून शीर्षक, मजकूर, चार्ट यांच्या जागा आखा. अशी आखलेली जागा म्हणजे प्लेसहोल्डर.

प्लेसहोल्डर आणि टेक्स्ट बॉक्स यांतला फरक समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यात आहे. प्लेसहोल्डरचा धागा मास्टरशी बांधलेला असतो. मास्टरमध्ये शीर्षक जरा वर सरकवलं, की चाळीसच्या चाळीस स्लाइडवर सरकतं. टेक्स्ट बॉक्सला मास्टर माहीतच नसतो, तो आहे तिथेच राहतो. वर्डमधून आलेला मजकूर प्लेसहोल्डरमध्येच बसतो, आउटलाइन व्ह्यूमध्येही तेवढाच दिसतो. कुणी हलवाहलव करून स्लाइड बिघडवली, तर होम टॅबवरचं रीसेट बटण प्लेसहोल्डर परत जागेवर आणतं. टेक्स्ट बॉक्ससाठी असा उपाय नाही.

आणखी एक खटक्याची जागा म्हणजे ऑटोफिट. मजकूर जास्त झाला की पॉवरपॉइंट अक्षर गुपचूप लहान करतं, आणि मग एका स्लाइडवर २४, दुसरीवर २१, तिसरीवर १८ असा खेळ होतो. मास्टरमध्येच मजकुराच्या प्लेसहोल्डरवर राइट क्लिक करून फॉरमॅट शेपमध्ये डू नॉट ऑटोफिट निवडा. मजकूर बाहेर सांडलेला दिसला की तो कमी करण्याची बुद्धी होते.

हे झालं की फाइल पॉवरपॉइंट टेम्प्लेट या प्रकारात सेव्ह करा. गूगल स्लाइड्समध्ये याच कामाला थीम बिल्डर आहे. त्यातले पर्याय कमी आहेत, पण कल्पना तीच.

तिसरी पायरी: मराठी अक्षरांचा बंदोबस्त

इंग्रजीत स्लाइड करणाऱ्यांना ही पायरी लागत नाही. आपल्याला ती टाळता येत नाही, आणि तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं.

पहिलं काम, जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरसंकेतात आणणं. संस्थांचे अहवाल अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप होतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फाँट बदलला की सगळा गिचमिडीचा कचरा. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढा आणि त्यानंतर एकदा डोळ्यांखालून घालाच. जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र इथेच मोडतो. ‘कर्मचाऱ्यांचे’ हा शब्द शोधून बघा, तो नीट आला असेल तर बाकीचं बहुतेक नीट असतं.

दुसरं, फाँट. ऑफिसच्या मूळ थीममध्ये देवनागरीसाठी मंगल नेमलेला असतो. म्हणूनच आपण कितीही देखणा फाँट निवडला तरी नव्या स्लाइडवर मंगल डोकं वर काढतो. आधी फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज या वाटेने मराठी ही लेखनभाषा जोडून घ्या. मास्टरमधल्या शीर्षकाच्या आणि मजकुराच्या प्लेसहोल्डरना फाँट तिथेच द्या, एकेका स्लाइडवर नको. एवढं करूनही कुठे भेसळ राहिली, तर होम टॅबवर रिप्लेसच्या शेजारच्या बाणात रिप्लेस फाँट्स आहे. ते पूर्ण फाइलमधला एक फाँट बदलून दुसरा घालतं.

मी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त वापरते. तो गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, त्याची सात वजनं, म्हणजे जाडीचे सात प्रकार आहेत, त्यामुळे शीर्षक आणि मजकूर एकाच घराण्यातले ठेवता येतात, आणि रोमन अक्षरंही त्यात जोडीला शोभतात. नोटो सॅन्स देवनागरीही भक्कम आहे. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का ते तपासा. हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येतो, पण आपल्या सभासदांच्या डोळ्याला तो परका वाटतो, आणि मला त्याची फिकीर वाटते.

ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा. ‘र्द्रू’ किंवा ‘ष्ट्री’ अशा अक्षरांना वर-खाली जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

तिसरं आणि सगळ्यांत उपयोगाचं: फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे एम्बेड फाँट्स इन द फाइल या पर्यायावर टिक करा. त्यातही सगळी अक्षरं साठवायचा उपपर्याय घ्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर मजकूर दुरुस्तही करता येतो. काही विकत घेतलेल्या फाँटचा परवाना असं साठवू देत नाही, तेव्हा त्या स्लाइडची पीडीएफ सोबत असू द्या. सभागृहातला संगणक आपला नसतो, हे गृहीत धरूनच चाला.

चौथी पायरी: आकडा एकाच जागी राहू दे

माझा सगळ्यांत जास्त वेळ वाचतो तो इथे.

एक्सेलच्या फाइलमध्ये ‘स्लाइडसाठी’ नावाचं वेगळं पान करा. स्लाइडवर जाणारा प्रत्येक तक्ता आणि प्रत्येक चार्ट फक्त त्या पानावर. मूळ हिशेबाच्या पानांवरून तिथे सूत्राने आकडे आणा, हाताने टाइप करू नका. मग चार्ट कॉपी करून स्लाइडवर पेस्ट करताना पर्यायांतून यूज डेस्टिनेशन थीम अँड लिंक डेटा निवडा. चार्ट आपल्या थीमचे रंग घेतो आणि आकडे एक्सेलमधून घेत राहतो. तक्त्यासाठी पेस्ट स्पेशलमध्ये पेस्ट लिंक आहे.

आता आकडा बदलला, की एक्सेलमध्ये एकदाच बदलायचा. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, इन्फो या पानावर उजवीकडे खाली एडिट लिंक्स टू फाइल्स दिसतं. त्यात सगळे दुवे निवडून अपडेट नाऊ दाबा. वाक्यात हाताने लिहिलेले आकडे मात्र यातून सुधारत नाहीत. म्हणून मी मजकुरात आकडा शक्यतो लिहीतच नाही, तो तक्त्यातच ठेवते. अगदीच लिहावा लागला तर त्या स्लाइडच्या नोट्समध्ये ‘आकडा तपास’ असं लिहिते, म्हणजे अशा सगळ्या जागा शेवटी नजरेखाली येतात.

दोन इशारे. दुवा फाइलच्या पत्त्यावर चालतो. एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचं नाव बदललं की तो तुटतो, आणि मग त्याच खिडकीतल्या चेंज सोर्सने नवा पत्ता द्यावा लागतो. दोन्ही फाइल पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये ठेवा.

दुसरा इशारा गंभीर आहे. पेस्ट करताना लिंकऐवजी एम्बेड निवडलं, तर एक्सेलची पूर्ण फाइल त्या चार्टच्या पोटात जाऊन बसते. तुम्ही शाखानिहाय ठेवींचा एक चार्ट पाठवलात असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात समोरच्याने चार्टवर राइट क्लिक करून एडिट डेटा केलं, तर शेजारच्या पानावरची थकबाकीदारांची यादीही त्याच्यासमोर उघडते. बाहेर पाठवायची प्रत नेहमी पीडीएफ असू द्या, किंवा चार्ट चित्र म्हणून पेस्ट केलेली.

लाख-कोटींसाठी एक छोटी सोय सांगते. चार्टच्या उभ्या अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिसमध्ये डिस्प्ले युनिट्स बघा. तिथे मिलियन, बिलियनच्या अधेमधे १००००० आणि १००००००० हेही पर्याय आहेत. एक लाखाचा निवडा आणि अक्षाशेजारी येणारं लेबल खोडून ‘रुपये लाखांत’ लिहा. सभासदांना ‘मिलियन’ वाचायला लावणं बरोबर नाही.

थकबाकीची स्लाइड साध्या स्तंभांत कधी नीट समजत नाही. वर्षाच्या सुरुवातीची थकबाकी, त्यात नव्याने पडलेली भर, झालेली वसुली आणि वर्षअखेरची शिल्लक हा जिना वॉटरफॉल चार्टमध्ये एका नजरेत दिसतो. ऑफिस २०१६ पासून तो पॉवरपॉइंटमध्येच आहे. चार्ट टाकल्यावर शेवटच्या स्तंभावर दोनदा सावकाश क्लिक करून तो एकटा निवडा आणि राइट क्लिकमधून सेट ॲज टोटल करा, नाहीतर शिल्लक हवेत तरंगते.

असे चार्ट रोज काढायचे असतील, म्हणजे सल्लागार कंपनीत किंवा मोठ्या कारखान्याच्या नियोजन विभागात, तर बर्लिनच्या थिंक-सेल या कंपनीचं ॲड-इन, म्हणजे पॉवरपॉइंटला जोडायचं जादा साधन, पैसे मोजून घेण्यासारखं आहे. २००२ साली सुरू झालेल्या या कंपनीचं साधन वॉटरफॉल, मेक्को (स्तंभाची रुंदीही आकडा सांगते तो) आणि गँट (कामांच्या वेळापत्रकाचा) चार्ट फार चपळाईने काढतं, फरकाचे बाण स्वतः मोजून दाखवतं आणि एक्सेलशी जोडलेलं राहतं. वर्षातून एकदा सभा घेणाऱ्या संस्थेने त्यावर खर्च करू नये.

गूगल शीट्समधला चार्ट गूगल स्लाइड्समध्ये टाकताना लिंक टू स्प्रेडशीट ठेवलं, तर आकडे बदलल्यावर चार्टवरच अपडेटचं बटण उगवतं. फाइलच्या पत्त्याची भानगड तिथे नाही, हा गूगलचा खरा फायदा.

हाताचा वेग

इथे थोडक्यात सांगते, कारण हे वाचून येत नाही, बोटांना सवय लावावी लागते. अलाइन लेफ्ट, अलाइन टॉप, डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली, सिलेक्शन पेन आणि फॉरमॅट पेंटर या आज्ञांवर राइट क्लिक करून त्या क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये टाका. पहिल्या नऊ जागांवरच्या आज्ञा ऑल्ट आणि १ ते ९ या कळांनी चालतात. सहा चौकोन निवडायचे, ऑल्ट २, ऑल्ट ३, झालं. हा टूलबार एक्सपोर्ट करून सहकाऱ्याच्या संगणकावरही बसवता येतो.

कंट्रोल आणि डीने वस्तूची नक्कल होते. ती नक्कल हव्या अंतरावर सरकवा आणि लगेच पुन्हा कंट्रोल-डी दाबा, पुढची नक्कल तेवढ्याच अंतरावर येते. बारा शाखांचे बारा चौकोन मी असेच मांडते. फॉरमॅट पेंटरवर दोनदा क्लिक केलं तर एस्केप दाबेपर्यंत ब्रश हातात राहतो.

याच्या पुढे जायचं असेल तर ब्राइटस्लाइड हे मोफत ॲड-इन बघा. दोन वस्तूंच्या जागांची अदलाबदल, सगळ्यांची उंची एकसारखी करणं, अशी बारीक कामं त्यात एका बटणाची आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं पॉवरपॉइंटलॅब्सही मोफत आहे. कार्यालयाच्या संगणकावर ॲड-इन टाकण्याआधी तिथल्या आयटी विभागाला विचारा.

पाचवी पायरी: एआयला काय द्यायचं आणि काय नाही

आता एआय. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट वर्डच्या फाइलवरून प्रेझेंटेशन उभं करतो, त्यासाठी पैसे लागतात. गॅमा हे साधन आराखडा दिला की कार्डांच्या रूपात मांडणी करून देतं आणि पॉवरपॉइंटमध्ये निर्यातही करतं. ब्यूटिफुल.एआयमध्ये मुद्दा वाढवला की मांडणी स्वतःच जागा करून घेते. कॅन्व्हा पोस्टर, सभेची सूचना, मुखपृष्ठ यांसाठी आपल्याकडे घरोघरी पोचलेलं आहे.

मी यांच्याकडून तीन कामं घेते. लांबलचक अहवालाचे मुद्दे काढून घेते, पण पहिल्या पायरीतल्या वर्डच्या फाइलपुरते. एखाद्या अडलेल्या स्लाइडसाठी तीन-चार वेगळ्या मांडण्या मागते आणि आवडलेली माझ्या मास्टरवर हाताने पुन्हा उभी करते. आणि ‘सभासद यावर काय विचारतील?’ असं विचारते. हा तिसरा वापर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, त्यातून दरवर्षी निदान एखादा प्रश्न तरी असा निघतो जो आमच्या कुणाच्या डोक्यात आलेला नसतो.

पूर्ण प्रेझेंटेशन मात्र मी त्यांच्यावर सोपवत नाही. निर्यात केलेल्या फाइलमध्ये बराचसा मजकूर सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये येतो, म्हणजे दुसऱ्या पायरीची मेहनत पाण्यात. मराठी बऱ्याचदा हिंदीच्या वळणाने येतं, ‘भागभांडवल’ऐवजी ‘शेअर पूंजी’. आणि आकडा कोणत्याही परिस्थितीत एआयकडून लिहून घेऊ नका. तो गोल करतं, कधी नसलेला टक्काही काढून देतं, आणि ते इतक्या नीटनेटक्या वाक्यात असतं की कुणाला शंका येत नाही.

सभासदांची नावं, खाते क्रमांक, थकबाकीदारांच्या याद्या अशा साधनांत टाकू नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायद्याआधी, लोकांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेली ती माहिती आहे.

एकाच साच्याच्या बारा फाइल

प्रत्येक शाखेला तिची वेगळी फाइल द्यायची असेल, तर कॉपी-पेस्ट करत बसू नका. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारं कुणी जवळ असेल तर एक्सेलमधल्या ओळी वाचून पायथन-पीपीटीएक्स या मोफत लायब्ररीने टेम्प्लेटच्या प्लेसहोल्डरमध्ये भरणारी आणि बारा फाइल काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिता येते. गूगलमध्ये हेच ॲप्स स्क्रिप्टने होतं. स्क्रिप्ट लिहायला अर्धा दिवस जातो, म्हणून दोन-तीन फाइलसाठी हा खटाटोप करू नका. मास्टर नीट बांधलेला असेल तरच हे चालतं, हेही खरं.

सभेच्या आदल्या दिवशी

सगळे दुवे अपडेट करा आणि मग एडिट लिंक्सच्या खिडकीत ऑटोमॅटिक अपडेट बंद करा, नाहीतर सभागृहात फाइल उघडताना पॉवरपॉइंट सगळ्यांसमोर दुव्यांबद्दल विचारत बसतं. कॉम्प्रेस पिक्चर्सने फोटो हलके करा. एक प्रत पेनड्राइव्हवर, पीडीएफ फोनमध्ये. चालवणाऱ्याला एवढं शिकवून ठेवा: स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, आणि बी दाबलं की पडदा काळा होतो, म्हणजे चर्चा सुरू असताना लोक पडद्याऐवजी बोलणाऱ्याकडे बघतात.

सभा संपली, की त्याच रात्री कोणत्या स्लाइडवर कोणता प्रश्न आला ते त्या स्लाइडच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. मग पूर्ण फोल्डरची नक्कल करून तिला पुढच्या वर्षाचं नाव द्या आणि चेंज सोर्सने दुवे नव्या एक्सेलकडे वळवा. पुढच्या एप्रिलमध्ये त्या एक्सेलमध्ये नवे आकडे भरायला लागलात, की चार्ट तेव्हाच तयार होऊ लागतात. माझ्या या वर्षीच्या चाळीस स्लाइड दीड दिवसात झाल्या. ठेवींचा एक आकडा सभेच्या दिवशी सकाळी बदलला, तेव्हा चहा येईपर्यंत तो सगळीकडे दुरुस्त झालेला होता.